पाय धुण्याचा गुरुवार

आमच्या चर्चमध्ये गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पाळकसाहेब बारा जणांचे पाय धुतात. येशूनं शेवटच्या जेवणाच्या वेळी कमरेला टॉवेल गुंडाळून शिष्यांचे पाय धुतले होते, त्याची ही आठवण. शिष्य दिवसभर धुळीतून चालून आलेले, घरात नोकर नाही, आणि पाय धुणं हे तर नोकरांतही सगळ्यात खालच्याचं काम. ते गुरूनं केलं, आणि तुम्हीही एकमेकांसाठी असंच करा म्हणाला. गोष्ट एवढी साधी. पण आमच्याकडं ज्यांची नावं त्या बारांत येतात, ती माणसं गुरुवारी दुपारपासून पाय घासायला बसतात. आधी वजरीनं टाचा, मग साबण, मग खोबरेल तेल. नखं काढतात आणि रस्त्याची धूळ लागू नये म्हणून उन्हाळ्यात मोजे घालून येतात. पाळकसाहेबांपुढं जे पाय येतात ते इतके लख्ख असतात की त्यांच्यावर ओतलेलं पाणी तसंच्या तसं प्यावं. नळाला एक दिवसाआड पाणी येणाऱ्या आमच्या गावात ही नासाडी मला कधी पटली नाही.

एकदा हे मी मोठ्यानं बोलले. चर्चच्या पंचांपैकी एक वयस्कर गृहस्थ म्हणाले, "सिस्टर, मग काय घाणेरडे पाय घेऊन पाळकसाहेबांपुढं बसायचं?"

मी म्हटलं, "शिष्य काय घेऊन बसले होते?"

या तोंडाळपणाची शिक्षा म्हणूनच की काय, पुढच्या वर्षी बारांत माझं नाव आलं. तोवर बाईमाणसाला कुणी त्या खुर्चीत बसवलं नव्हतं. लोकांनी अभिनंदन वगैरे केलं. मला मात्र ऐकल्याबरोबर आधी मनात आलं ते हे, की म्हणजे निदान अर्धा तास बसायला मिळेल.

तेव्हा माझी अशी अवस्था होती. मी सरकारी दवाखान्यात नर्स, बायकांच्या वॉर्डात. नवरा लासूर स्टेशनला शाळेत. सगळं गाव त्यांना मास्तर म्हणायचं, म्हणून मीही मास्तरच म्हणायचे. सकाळच्या गाडीनं जायचे, संध्याकाळी यायचे, आणि आले की बुटाच्या नाड्या सोडायलासुद्धा त्यांना कंटाळा यायचा. मूलबाळ आम्हाला नव्हतं. छावणीतल्या त्या दोन खोल्यांत तिसरं माणूस म्हणजे माझी सासू. त्यांना मी आत्याबाई म्हणायचे. उजवं अंग लकव्यानं गेलेलं, बोलणं शाबूत, आणि डोकं तर आम्हा तिघांत त्यांचंच चांगलं.

दवाखान्यात मी वॉर्डभर बायकांना कुशीवर वळवायची, पुसायची, त्यांच्या पाठीला पावडर लावायची. घरी आले की तेच आत्याबाईंचं. मेणकापड धुवायचं, चादर बदलायची, भांडं द्यायचं, कण्या भरवायच्या. मी ड्युटीवर असताना शेजारच्या मुसलमान घरातल्या खाला डोकावून पाणी देऊन जायच्या, पण त्यांचाही संसार होता. मदतीला दोन बायका ठेवून पाहिल्या. आत्याबाईंनी दोघींनाही येशूच्या गोष्टी सांगून सांगून पळवून लावलं. उरले मी. डोळा लागतो न लागतो तोच हाक यायची, "अगं ए, ऐकतीस का?" ऐकायचेच. त्या हाकेनं उठले नाही असं कधी झालं नाही, आणि त्याचा मला अभिमान नव्हता, राग होता. अंगात ताप नाही, दुखणं नाही, आणि तरी हाडं भिजल्यासारखी जड. माणूस दमतं म्हणजे काय होतं ते मला नर्सिंगच्या कुठल्याही वर्गात कुणी शिकवलं नव्हतं.

आत्याबाई कोण होत्या ते सांगायला हवं. पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत त्या विधवा झाल्या. पदरात लहान मास्तर. मिशननं त्यांना एक छत्री आणि एक कापडी पिशवी दिली आणि गावोगाव बायकांना येशूच्या गोष्टी सांगायच्या कामावर ठेवलं. फुलंब्रीकडच्या वाटा त्यांनी पायी तुडवल्या. लोक त्यांना येशूवाली बाई म्हणायचे. मुसलमानांच्या घरी पडद्याआड बायका जमायच्या, ईसा त्यांनाही माहीत होता, तिथं आत्याबाई दखनीतून सांगायच्या. तिथल्या म्हाताऱ्या मध्येच "नको गे माँ, वैसा नै हुआ" म्हणून दुरुस्ती करायच्या, वाद व्हायचा, आणि मग चहा यायचा.

त्यांची सगळ्यात गाजलेली गोष्ट विहिरीची. भर दुपारी येशू चालून चालून दमतो आणि एका विहिरीच्या काठावर बसतो. शिष्य भाकरी आणायला गेलेले. पोहरा नाही, दोर नाही. तेवढ्यात पाण्याला एक बाई येते, येशूची माणसं जिच्या हातचं पाणी पीत नाहीत अशा लोकांतली. तिला तो म्हणतो, मला प्यायला दे. ही गोष्ट आत्याबाई खेड्यातल्या विहिरीपाशीच सांगायच्या, पण ओट्यापासून लांब उभ्या राहून, कारण त्यांना स्वतःला त्या विहिरीला हात लावू देत नव्हते. आमच्या लोकांनी धर्म बदलला तरी विहिरींना ते कळलेलं नव्हतं. बायका विचारायच्या, "पर देव कसा दमंल वो?" त्यावर आत्याबाई म्हणायच्या, "मानूस झाला तर दमनारच की. नाय दमला तर कसला मानूस?" गोष्ट संपली की कुणीतरी वरून त्यांच्या ओंजळीत पाणी ओतायचं. ते पिऊन त्या पुढच्या गावाला निघायच्या.

लहानपणापासून मी चर्चमध्ये पुष्कळ येशू ऐकले. पाण्यावर चालणारा, मेलेल्याला उठवणारा, ढगांवर बसून येणारा. माझी श्रद्धा सगळ्यांवर आहे, नाही म्हणत नाही. पण त्या वर्षांत मला खरा वाटायचा तो एकच, विहिरीवर बसलेला. त्याच्याकडं मागावं असंही काही नव्हतं. फक्त वाटायचं, शेजारी जरा टेकावं.

तर त्या वर्षी उन्हाळ्याआधीच पाळकसाहेबांनी माझ्याकडं नीट बघितलं असावं. त्यांनी न विचारता नगरकडच्या एका आश्रमाशी बोलणं केलं. म्हाताऱ्या, अंथरुणाला खिळलेल्या बायकांना तिथं ठेवून घेत. एक खाट रिकामी झाली होती. ईस्टरनंतरच्या सोमवारी तिथली जीप काही सामान न्यायला आमच्या गावात येणार होती, तिच्यातून आत्याबाईंना झोपवून नेता येणार होतं. पाळकसाहेब म्हणाले, "फक्त तुम्ही त्यांना सांगा."

आणि घोडं तिथंच अडलं. मास्तर म्हणाले, "तू सांग. बाईमाणसाचं बाईमाणसाला बरं." मी म्हटलं, "आई तुमची आहे." ते म्हणाले, "म्हणूनच." मग आम्ही दोघंही दिवसचे दिवस त्या खाटेभोवती वावरत राहिलो आणि कुणीच काही बोललो नाही. जन्मभर देवाचं काम केलेली बाई, तिला म्हातारपणी आश्रमात टाकली, हे लोक म्हणणारच होते. मला तर जास्तच म्हणणार होते. सगळ्या जिल्ह्याच्या म्हाताऱ्या पुसते आणि घरच्या म्हातारीला वाटेला लावते. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. पण जीप त्या सोमवारी आली आणि रिकामी गेली, तर खाट दुसऱ्या कुणाला मिळणार होती. आणि मी आणखी एक उन्हाळा काढू शकणार नाही हे मला माझ्या पायांतून कळत होतं.

गुरुवारी मी ड्युटीवरून आले तेव्हा नळ आला होता. पाणी भरलं. मीही काही संत नाही, पाय घासायला म्हणून एक बादली बाजूला काढून ठेवली होती, वजरीसुद्धा शोधली होती. तेवढ्यात आत्याबाईंचं पोट बिघडलं. एकदा चादर बदलली, पुन्हा बदलली. ती बादली त्यातच गेली. साडी तेवढी बदलून, केसांवरून हात फिरवून मी निघाले. चपलेतून पायाकडं पाहिलं तर टाचांच्या भेगांत काळ्या रेघा, बोटांत धूळ. म्हटलं, राहू दे. असेच तर पाहिजेत.

चर्चमध्ये पुढं बारा खुर्च्या मांडल्या होत्या. माझ्या शेजारी तेच वयस्कर पंच. त्यांच्या पायांना तेलाचा वास येत होता. पाळकसाहेब गुडघ्यांवर बसून पितळी परात पुढं पुढं सरकवत येत होते. मागं गाणं चालू होतं. माझ्यापुढं आल्यावर त्यांनी तांब्यानं पाणी घातलं आणि परातीतलं पाणी गढूळ झालं. पंचांनी छताकडं बघितलं. पाळकसाहेबांनी मान वर केली नाही. त्यांनी परात रिकामी करून आणायला सांगितली आणि पुन्हा पाणी घातलं. पाणी कोमट होतं. त्यांनी माझी टाच हातात धरली आणि अंगठ्यानं भेगेतला मळ सावकाश काढायला लागले, पाटीवरचं पुसावं तसं. आई गेल्यापासून माझ्या पायांना कुणी हात लावला नव्हता. त्या बारा शिष्यांतल्या पेत्रानं येशूला म्हटलं होतं, माझे पाय तुम्ही धुवायचे नाहीत. मीही तसंच काही बोलणार होते. बोलले नाही, कारण मला झोप लागली.

नुसती डुलकी नव्हे. मान पंचांच्या खांद्यावर गेली, तोंड उघडं पडलं आणि मी घोरले. हे सगळं मला नंतर सांगण्यात आलं. मला कळलं तेव्हा पाळकसाहेब गुडघ्याला हात लावून "सिस्टर, सिस्टर" म्हणत होते, गाणं थांबलं होतं, आणि मागच्या बाकांवरून हसू दाबल्याचा आवाज येत होता.

बाहेर आल्यावर पंच म्हणाले, "सिस्टर, याच रात्री बागेत शिष्य झोपले होते. येशू घटकाभर जागे राहा म्हणाला, तर तेवढंही जमलं नाही त्यांना. तुम्ही परंपरा चांगली चालवलीत."

"ते जेवून झोपले होते," मी म्हटलं, "मी सकाळपासून उपाशी आहे."

लोक हसले. मीही हसले आणि मग चिंचेच्या झाडामागं जाऊन रडले. कुणाचा राग आला होता ते कळत नव्हतं. पंचांचा नव्हता, आत्याबाईंचाही नव्हता. मास्तर थोड्या अंतरावर माझी पर्स धरून उभे राहिले. पाळकसाहेबांनी जाता जाता विचारलं, "सांगितलंत का त्यांना?" मी नाही म्हणून मान हलवली.

दुसऱ्या दिवशी, गुड फ्रायडेला, आमच्याकडं बारा ते तीन उपासना असते. येशूनं क्रुसावरून सात वाक्यं उच्चारली, त्या एकेका वचनावर एकेक माणूस बोलतो. कोण कशावर बोलणार ते चिठ्ठी टाकून ठरतं. मास्तरांना तिसरं आलं होतं. तिसरं वचन आईचं. येशू वरून खाली बघतो, आई उभी आहे, शेजारी आवडता शिष्य उभा आहे. आईला तो म्हणतो, आता हा तुझा मुलगा, आणि शिष्याला म्हणतो, ही तुझी आई. मग शिष्य तिला आपल्या घरी घेऊन जातो. यावर दरवर्षी एकच भाषण व्हायचं. मरता मरताही मुलगा आईला विसरला नाही, आणि आजकालची मुलं बघा. मास्तर आठ दिवस त्याचा कागद लिहीत होते आणि फाडत होते. त्या दिवशी ते कागद न घेताच गेले.

मी गेले नाही. आत्याबाईंना कण्या भरवल्या, तोंड पुसलं, आणि खाटेशेजारी जमिनीवर बसून चादरी घडी घालत होते.

"तू नाय गेलीस?" आत्याबाई म्हणाल्या.

"तुमच्यापाशी कोण थांबणार?"

"काल झोपलीस म्हनं."

"मास्तरांनी सांगितलं वाटतं."

"हसत व्हता. मी नाय हसले." आणि म्हणाल्या, "येशू बी झोपला व्हता. होडीत. वादळ सुटलेलं, पानी आत यायला लागलं, शिष्य बोंबलत्यात, आन् ह्यो उशीवर डोकं टेकून गाढ. मी गावागावात सांगितलं, बघा किती भरवसा बापावर, म्हनून निवांत झोपला. आता हितं पडल्या पडल्या वाटतं, नुसता दमला आसंल."

चादरीची घडी चुकली ती पुन्हा घातली.

"मास्तर आज आईचं वचन सांगनार ना?"

"हो."

"त्याच्यानं व्हायचं नाय ते आज."

मी वर बघितलं. त्यांची नजर पत्र्याकडं होती.

"मी बी तेच सांगत आले जलमभर," त्या म्हणाल्या. "येशूनं आईची सोय लावली, बघा कसा ल्योक. पर सोय लावली म्हंजी काय केलं? दुसऱ्याच्या घरी धाडली तिला. आपल्या हातानं आता तिचं काय व्हनार नाय, हे त्याला कळलं. हात खिळलेले. मग ज्याच्यानं व्हतंय त्याला सांगितलं, तू बघ. त्याला लाज नाय वाटली सांगायला. सगळ्या गावासमोर सांगितलं."

माझ्या हातातली चादर तशीच राहिली. बाहेर खालांच्या कोंबड्या ओरडत होत्या.

"आन् दुसरं आयक. शिष्य घिऊन गेला तिला घरी. बरं. पर घरी कोन व्हतं? त्याची बायको आसंल. नसंल तर बहीन, नायतर वहिनी, कुनीतरी बाईच. तिला कुनी इचारलं? ह्यो म्हातारी घिऊन दारात उभा, आन् तिनं काय करायचं? जागा करायची, भाकरी वाढवायची, धुनं वाढवायचं. तिचं शास्त्रात नाव नाय. मी इतकी वर्सं ही गोष्ट सांगितली, इतक्या बायांनी आयकली, कुनाला सुचलं नाय. मला बी नाय सुचलं. हितं पडल्यावर सुचलं." त्यांनी डावा हात उचलून माझ्याकडं केला. तोच तेवढा चालायचा. "तुझ्याकडं बघून."

लग्न झाल्यापासून त्या मला बरं असं कधी बोलल्या नव्हत्या. मला वाटलं होतं, बोलल्या तर बरं वाटेल. पण बरं वाटलं नाही.

"नगरची जीप सोमवारीच येती ना?" त्यांनी विचारलं.

मी चादर मांडीवर ठेवली.

"माझं अंग गेलंय, कान नाय गेले. तुमी सैपाकघरात कुजबुजता, मला हितं सगळं आयकू येतं. किती दिस वाट बघितली, आज सांगतील, उद्या सांगतील. दोघं बी भित्रे. मास्तरच्यानं तर व्हायचंच नाय, त्याला लोकाची भीती. तू सांग."

"काय सांगू आत्याबाई? तुम्हाला सगळं माहीत आहे."

"तसं नाय. तुझ्या तोंडानं सांग. मला कुनी गपचूप उचलून न्यावं, मी काय गोनी हाय का? आन् मी आपल्या मनानं चालले आसं तुला वाटाय नको. मग तू जलमभर म्हनशील, म्हातारी रुसून गेली. सांग."

सांगायला एक वाक्य होतं. दवाखान्यात ते वाक्य मी हजार नातेवाइकांच्या तोंडून ऐकलं होतं आणि मनात त्यांना नावं ठेवली होती. स्वतः कधी उच्चारलं नव्हतं. आईपाशी नाही, नवऱ्यापाशी नाही, प्रार्थनेतही नाही. प्रार्थनेत तर मी नेहमी बळ दे म्हणायचे. तो देतो असं सगळे म्हणत, आणि दिलं असेलही, पण ते कधीच संपून गेलं होतं.

"आत्याबाई," मी म्हटलं, "माझ्याच्यानं आता होत नाही."

"व्हय," त्या म्हणाल्या. "दिसतंय मला."

मग मी रडले. खाटेच्या पट्टीवर कपाळ टेकून, आवाज करून रडले. त्यांनी डाव्या हातानं माझ्या डोक्यावर थापटल्यासारखं केलं, पण हात नीट पोचत नव्हता, कानावरच लागत होता. थोड्या वेळानं म्हणाल्या, "तिकडल्या बायांना पगार हाय, पाळी हाय, सुट्टी हाय. त्यांना मी हाका मारल्या तर काय बिघडत नाय. आन् गोष्टी आयकायला खाटंवरनं पळून कोन जानार हाय तिथनं? आता तू आडवी व्हय."

"तुम्हाला कुशीवर वळवायचं राहिलंय."

"ऱ्हाऊ दे एक डाव. मरत नाय मी."

मी तिथंच फरशीवर, घडी घातलेल्या चादरींवर डोकं ठेवून आडवी झाले. चर्चमध्ये तेव्हा कितवं वचन चाललं होतं कोण जाणे. मधूनमधून जाग आल्यासारखी व्हायची, हाक येईल म्हणून अंग ताठ व्हायचं, आणि हाक यायची नाही.

मास्तर आले ते कडीच्या आवाजावरून कळलं. डोळे उघडवले नाहीत. त्यांनी दारातूनच काहीतरी विचारायला सुरुवात केली, आणि खाटेवरून आत्याबाईंचा आवाज आला, एरवी मला हाक मारायच्या त्याच्या निम्म्यानं.

"हळू बोल. झोपलीय ती. सोमवारी मी जाते, तिनं सांगितलंय मला, आन् मी हो म्हनलंय. त्यावर तू आता काय बोलू नको. आन् रडायचं आसंल तर बाहिर जाऊन रड."

मास्तर बाहेर गेले, आणि मी झोपून राहिले.